निर्वासिताला भूमिका मिळते तेव्हा

युरोपात आश्रय मागायला आलेल्या माणसाला एका खोलीत बसवून त्याची कहाणी विचारली जाते. समोर अधिकारी, बाजूला दुभाषा. गाव कोणतं, कधी निघालात, कुणी धमकावलं, बोटीत किती जण होते, भावाला नेलं तो दिवस कोणता. काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून ताडली जातात. तारीख हुकली, घटनांचा क्रम उलटसुलट झाला, की माणूस खोटा ठरतो. घरदार सुटलेल्याच्या हाती उरलेली एकमेव मालमत्ता म्हणजे त्याची कहाणी, आणि तीही सरकारी फाइलीत जमा करावी लागते.

2015 या एका वर्षात दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे युरोपात पोहोचली. त्यानंतर तिथल्या नाट्यगृहांनी आपले दरवाजे त्यांना उघडून दिले, आणि ते मनापासून उघडले, यात शंका नाही. पण आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न तोच आला: तुमची कहाणी सांगा. प्रेक्षक अंधारात बसले, प्रकाशझोतात एक तरुण उभा राहिला आणि बोटीबद्दल बोलू लागला. लोकांचे डोळे पाणावले. तरुण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच प्रकाशात, त्याच बोटीबद्दल बोलायला हजर.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतली परागंदा माणसांची रंगभूमी पाहताना एक प्रश्न सतत समोर येतो. या माणसाला रंगमंचावर साक्ष देण्यासाठी आणलंय, की नट म्हणून? साक्षीदाराला स्वतःखेरीज दुसरं कुणी होता येत नाही. नटाला राजा होता येतं, खलनायक होता येतं, खोटं बोलता येतं, हसवता येतं. एखाद्या नव्या गावात आपण रुजलो की नाही, याची खूण मला या दुसऱ्या गोष्टीत दिसते. कामं कशी निवडली गेली, ती कुणी कुणाला दिली, यावर या सगळ्या नाटकांचं मोल ठरतं, असं माझं मत आहे. ते तपासण्यासाठी काही प्रयोगांकडे बारकाईने पाहू.

सुरुवात युरोपच्या बाजूने करणं सोयीचं आहे, कारण अपराधी भावना तिथे आहे आणि अनुदानही तिथेच. 2004 चं नोबेल मिळालेल्या ऑस्ट्रियन लेखिका एल्फ्रिडे येलिनेक यांनी व्हिएन्नातल्या फोटिफ चर्चमध्ये आसरा घेतलेल्या निर्वासितांच्या आंदोलनावरून ‘डी शुट्झबेफोलेनेन’ हा मजकूर लिहिला. त्याच्यामागे एस्किलसचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाटक उभं आहे: इजिप्तहून पळून आलेल्या डॅनाउसच्या मुली अर्गोसच्या राजाकडे आश्रय मागतात. येलिनेकच्या मजकुरात पात्रं नाहीत, सलग वाहणारा ‘आम्ही’ आहे. निकोलास श्टेमान यांनी 2014 मध्ये तो रंगमंचावर आणला, तेव्हा जर्मन नटांच्या सोबतीला खरेखुरे निर्वासित होते. जर्मन नट प्रयोगातच कबूल करत होते, की आम्ही तुम्हाला मदत करू शकत नाही, आम्हाला तुमचं सोंग वठवायचंय. ही कबुली प्रामाणिक होती. तरीही अडचण राहिलीच. काम करण्याचा परवाना नसलेल्या माणसाला मानधन कोणत्या नावाखाली द्यायचं, हा प्रश्न नाट्यगृहाच्या कचेरीत खराच उभा राहिला. ज्याला कायद्याने मजुरी मिळू शकत नाही तो त्या मंचावर सहकलाकार कसा ठरेल? शिवाय एका मोठ्या लेखिकेच्या दाट, श्लेषांनी भरलेल्या जर्मन भाषेपुढे ती माणसं मागे समूह होऊन उभी राहिली. समूहाला चेहरा नसतो.

याच मजकुराचा निर्वासितांनी केलेला एक प्रयोग एप्रिल 2016 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात चालू असताना उजव्या गटाचे तरुण थेट मंचावर चढले. त्यांनी बनावट रक्त उडवलं, झेंडे फडकवले, पत्रकं फेकली. मंचावर त्या वेळी मुलंही होती. मंच ही सुरक्षित जागा असते, हा समज त्या दिवशी त्या माणसांनी गमावला. देश एकदा सुटला होता, आता ही जागाही हक्काची राहिली नाही.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला मला सीरियाचे दोघे दिसतात: लेखक मोहम्मद अल अत्तार आणि दिग्दर्शक ओमर अबुसादा. या जोडीचं काम थोडं थांबून पाहण्यासारखं आहे.

2013 मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात सीरियातून आलेल्या बायकांना घेऊन अबुसादांनी युरिपिडीसचं ‘ट्रोजन विमेन’ बसवायला घेतलं. त्या नाटकाची निवड अचूक होती. इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सने मेलोस बेटावरच्या पुरुषांची कत्तल केली आणि बायकामुलांना गुलाम करून नेलं. पुढच्याच वर्षी युरिपिडीसने अथेन्सच्याच प्रेक्षकांपुढे हरलेल्या ट्रॉयच्या बायका उभ्या केल्या. नवरे मेलेत, शहर जळतंय, आणि कोण कुणाच्या वाट्याला जाणार याची वाटणी चाललीय. अम्मानच्या तालमीत आलेल्या बायकांपैकी कुणी कधी नाटकात काम केलेलं नव्हतं. बऱ्याच जणी मधेच गळाल्या. कुणाच्या नवऱ्याला पसंत नव्हतं, कुणाला भीती होती की आपला चेहरा दिसला तर सीरियात मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होईल. ज्या टिकल्या त्यांना नाटकातली हेक्युबा कळायला वेळ लागला नाही. कालपर्यंत घरची मालकीण होती, आज दुसऱ्याच्या दारात रांगेत उभी आहे. पण हेक्युबा राणी होती, आणि राणीचे संवाद म्हणायचे तर पाठीचा कणा ताठ करावा लागतो, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. मदतीच्या रांगेत उभं राहताना शरीराला जे वळण लागतं त्याच्या अगदी उलट.

यास्मिन फेद्दा यांनी त्या तालमींवर ‘क्वीन्स ऑफ सीरिया’ हा माहितीपट केला आणि 2014 मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच वर्षी हे नाटक अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात व्हायचं होतं. बायकांना व्हिसा नाकारले गेले. शेवटी त्या अम्मानहूनच व्हिडिओवर तिथल्या प्रेक्षकांशी बोलल्या. ट्रॉयच्या बायकांना जहाजात कोंबून परदेशी नेलं गेलं, सीरियाच्या बायकांना परदेशी जायला बंदी झाली.

2014 मध्येच बैरुतमध्ये ‘अँटिगनी ऑफ शातिला’ झालं. शातिला ही 1949 मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी उभी राहिलेली छावणी. सीरियातून पळालेल्या बायका तिथे आल्या म्हणजे जुन्या निर्वासितांच्या गल्लीत नवे निर्वासित आले. भावाला मातीआड करू द्या, एवढीच मागणी घेऊन सत्तेसमोर उभी राहणारी अँटिगनी त्यांनी केली. मग 2017 मध्ये बर्लिनमध्ये फोल्क्सब्यूने नाट्यगृहासाठी या जोडीने ‘इफिजेनिया’ केलं, आणि माझ्या मते या विषयावरचा सर्वांत नेमका प्रयोग हाच. जागा होती टेम्पेलहोफच्या बंद विमानतळाचं हँगर. शेजारच्याच हँगर्समध्ये त्या काळात निर्वासितांची तात्पुरती सोय केलेली होती, पातळ भिंतींच्या खणाखणांतून माणसं राहत होती.

मूळ कथेत अ‍ॅगॅमेम्नॉनची जहाजं वारा नसल्याने खोळंबून पडतात आणि युद्धाला निघता यावं म्हणून तो स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी द्यायला तयार होतो. अल अत्तारांनी ही कथा सरळ मांडली नाही. त्यांनी मंचावर मांडली निवडचाचणी. बर्लिनमध्ये राहणाऱ्या नऊ तरुण सीरियन मुली इफिजेनियाच्या भूमिकेसाठी एकेक करून येतात, प्रश्न विचारणाऱ्या बाईसमोर बसतात. ही भूमिका तुला का हवी? तू बळी जायला तयार झाली असतीस का? तुझे वडील? एकीला ती मुलगी शूर वाटते, दुसरीला तिचा राग येतो. त्या उत्तरं देतात, उत्तरं टाळतात, चाचणीपुरता चेहरा करतात.

समोर टेबल, पलीकडे विचारणारा, अलीकडे उत्तर देणारी. हे दृश्य प्रत्येक निर्वासिताने एकदा तरी खरंखुरं सोसलेलं असतं. पण या खोलीत फसवायची मुभा आहे. तू जे सांगतेस ते तुझं आयुष्य आहे की भूमिकेची तयारी, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला राहत नाही. ज्या बर्लिनकरांनी सहानुभूती देण्याच्या तयारीने तिकीट काढलं होतं, त्यांना त्या मुलींचं कौशल्य पारखावं लागलं. कहाणी ऐकून हळहळणं सोपं आहे. समोरची व्यक्ती चांगली नटी आहे का हे ठरवायला तिच्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहावं लागतं.

बर्लिनमध्येच मॅक्सिम गोर्की नाट्यगृहाने 2016 मध्ये ‘एग्झिल आन्साम्बल’ उभं केलं. तिथे सीरिया, पॅलेस्टाइन आणि अफगाणिस्तानमधून आलेल्या सात व्यावसायिक नटांना रीतसर नोकरी मिळाली. मला इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, पगारपत्रक. गोर्कीच्या तेव्हाच्या प्रमुख शेर्मिन लांगहोफ या तुर्की कुटुंबातल्या. स्थलांतरितांच्या मुलानातवंडांची रंगभूमी त्यांनी आधी क्रॉइत्सबेर्गच्या एका छोट्या नाट्यगृहात उभी केली, मग 2013 पासून ती शहराच्या मध्यवर्ती सरकारी नाट्यगृहात आणली. आन्साम्बलचं पहिलं नाटक ‘विंटरराइझे’, दिग्दर्शक याएल रोनेन. या नटांनी एका जर्मन सहकाऱ्याला वाटाड्या म्हणून घेऊन हिवाळ्यात बसने जर्मनी पालथी घातली आणि त्या प्रवासातून नाटक बेतलं. नवख्या डोळ्यांनी पाहिलेली जर्मनी, तिथल्या माणसांचे नियम, त्यांचा वक्तशीरपणा, त्यांची भीती. प्रेक्षक खूप हसले. निर्वासिताने यजमानाचं निरीक्षण करून त्याला हसणं, ही पायरी महत्त्वाची होती. तरीही ‘आम्ही इथे नवीन’ याच चौकटीत नाटक राहिलं. ती चौकट मोडली 2018 मध्ये, जेव्हा याच मंडळींनी हायनर म्युलरचं ‘हॅम्लेटमशीन’ केलं आणि सगळे जण विदूषक होऊन आले. रंगवलेले चेहरे, भयानक हसू. ओळखपत्रावरचा फोटो पाहून आलेल्याला या चेहऱ्यांमागे कोण कुठल्या देशाचा हे कळायची सोयच नव्हती.

या सात जणांत मरियम अबू खालिद आणि करीम दाऊद होते. त्यांचं शिक्षण झालं जेनिनच्या ‘फ्रीडम थिएटर’मध्ये.

जेनिनची पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी 1953 ची. 1948 मध्ये हैफा आणि कार्मेलच्या डोंगरभागातून उठलेली कुटुंबं तिथे आली. तिथे जन्मलेली आजची मुलं चौथ्या पिढीची आहेत, आणि विचारलं तर गावाचं नाव सांगतात ते पणजोबांचं, स्वतः कधीही न पाहिलेलं. आर्ना मेर-खामिस या ज्यू इस्रायली बाईने छावणीतल्या मुलांसाठी पूर्वी एक नाट्यगृह काढलं होतं. 2002 च्या इस्रायली लष्करी कारवाईत ते जमीनदोस्त झालं. त्या नाट्यगृहातल्या मुलांचं पुढे काय झालं, कोण बंदूक घेऊन मेला, कोण उरला, हे तिचा मुलगा जुलियानो मेर-खामिस याने ‘आर्नाज चिल्ड्रन’ या चित्रपटात दाखवलं. 2006 मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत फ्रीडम थिएटर उभारलं. तिथे ‘अ‍ॅनिमल फार्म’ झालं, ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ झालं. छावणीतल्या काहींना ही नाटकं आणि मुलामुलींनी एकत्र काम करणं रुचलं नाही. 4 एप्रिल 2011 रोजी नाट्यगृहाच्या दाराबाहेरच जुलियानोला गोळ्या घालण्यात आल्या.

जेनिनच्या मुलींनी ‘अ‍ॅलिस’ का करावं, असा प्रश्न बाहेरच्या पाहुण्यांना पडत असे. त्यांना छावणीकडून छावणीचं नाटक हवं असतं. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना फक्त ‘निर्वासितांची मुलं’ म्हणून मोजलं गेलं, त्यांना सशाच्या बिळातून भलत्याच जगात उतरायचा हक्क इतरांपेक्षा जास्त आहे. जुलियानोने तो ओळखला होता.

याच संस्थेचं ‘द सीज’ हे 2015 चं नाटक मात्र थेट हद्दपारीचं आहे. 2002 मध्ये बेथलेहेमच्या नेटिव्हिटी चर्चमध्ये सशस्त्र पॅलेस्टिनी आणि सामान्य नागरिक 39 दिवस अडकून पडले होते. तडजोड अशी झाली की 26 जणांना गाझात आणि 13 जणांना युरोपातल्या निरनिराळ्या देशांत पाठवायचं. त्या हद्दपार माणसांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन नाटक लिहिलं गेलं आणि इंग्लंडमध्ये त्याचा दौरा झाला. याच संस्थेत काम करणाऱ्या अहमद तोबासीने हद्दपारी वेगळ्या प्रकारे भोगलेली: जेनिनमध्ये वाढला, किशोरवयात इस्रायली तुरुंगात गेला, चार वर्षांनी सुटला, पुढे नॉर्वेत आश्रय मिळाला, तिथे नाटक शिकला. आणि परत आला. परागंदा कलावंतांच्या चर्चेत हा परत येणारा माणूस फार दुर्मीळ आहे. ‘अँड हिअर आय अ‍ॅम’ हा त्याचा एकपात्री प्रयोग त्याच्या स्वतःच्या आयुष्यावर आहे, पण संहिता हसन अब्दुलरज्जाक या इराकी वंशाच्या लेखकाची. म्हणजे स्वतःचीच भूमिका, पण दुसऱ्याने लिहिलेली, बेतलेली, विनोदाच्या अंगाने नेलेली. साक्षीदार आणि नट यांच्यात मी जी रेघ ओढली ती इथे पुसट होते, आणि ते चांगलंच आहे. आपलं आयुष्य संहिता म्हणून हाती आलं की त्याच्याकडे नटाच्या अंतरावरून पाहता येतं.

डिसेंबर 2023 मध्ये इस्रायली सैनिक फ्रीडम थिएटरमध्ये घुसले, मोडतोड झाली. कलादिग्दर्शक तोबासी आणि व्यवस्थापक मुस्तफा शेता यांना पकडून नेलं. तोबासी लवकर सुटला. शेता मार्च 2025 पर्यंत, खटला न चालवता, कैदेत होते. ते सुटले तोवर जानेवारी 2025 च्या कारवाईत जेनिनची सगळी छावणीच रिकामी केली गेली होती. निर्वासितांची छावणीसुद्धा निर्वासित होते.

या संस्थेचं आणि आपलं एक प्रत्यक्ष नातं आहे. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने तिच्यासोबत ‘हमेशा समिदा’ हे पथनाट्य बसवलं आणि 2015-16 च्या हिवाळ्यात दोन्हीकडच्या नटांनी मिळून ते भारतातल्या अनेक शहरांत रस्त्यावर केलं. जेनिनच्या नटांना इथे कुणी कहाणी विचारण्याआधी घोळका जमवायचा होता, तोही भाषा न येता. नटाची खरी परीक्षा तीच.

आता कॅले. फ्रान्सच्या त्या बंदराजवळ इंग्लंडला जाण्याच्या आशेने जमलेल्या हजारोंची वस्ती ‘जंगल’ नावाने ओळखली जात होती. 2015 मध्ये जो मर्फी आणि जो रॉबर्टसन या दोन तरुण इंग्रज नाटककारांनी तिथे घुमटाकार तंबू ठोकून ‘गुड चान्स’ नावाचं नाट्यगृह चालवलं. ऑक्टोबर 2016 मध्ये वस्ती पाडली गेली. दुसऱ्या वर्षी लंडनच्या यंग विकमध्ये त्यांचं ‘द जंगल’ आलं: वस्तीतल्या अफगाणी खानावळीत, नेपथ्याच्या बाकांवर प्रेक्षक बसलेले, नट त्यांच्यामधून धावणारे. प्रयोग जबरदस्त गाजला, वेस्ट एंडला आणि न्यूयॉर्कला गेला. माझ्या मनात त्याबद्दल संकोच आहे. पाडलेल्या वस्तीची इतकी हुबेहूब प्रतिकृती, आणि तिच्यात बसून दोन-अडीच तासांनी उठून जाण्याची सोय. त्या बाकांवरच्या माणसाला आपण तिथे होतो असं वाटतं, आणि ते खरं नसतं.

त्याच नाटकात अमल नावाची एक लहान सीरियन मुलगी होती. तिला घेऊन ‘गुड चान्स’ने 2021 मध्ये जे केलं ते मला त्या नाटकापेक्षा मोठं वाटतं. केपटाउनच्या हँडस्प्रिंग या बाहुलीकारांनी साडेतीन मीटर उंचीची अमल घडवली. वय नऊ वर्षं, उंची साडेअकरा फूट. जुलैअखेर ती तुर्कस्तानच्या गाझियानतेपहून निघाली आणि आठ हजार किलोमीटरची वाट करून नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला पोहोचली. तिच्या आत एक जण पायाला उंच काठ्या बांधून चालतो आणि दोऱ्यांनी तिच्या चेहऱ्याची हालचाल करतो. दोघे बाहेरून एकेक हात सांभाळतात, एक जण पाठीमागून तोल धरतो. वारा सुटला की एवढं धूड हेलकावे खातं, म्हणून ती सावकाश पाऊल टाकते आणि त्यामुळेच बिचकलेल्या मुलीसारखी दिसते. चालवणाऱ्यांपैकी काही जण स्वतः निर्वासित म्हणून आलेले. कुठे गावाने तिच्यासाठी वाद्यं वाजवली, कुठे मुलांनी खाऊ आणला. ग्रीसच्या लारिसात तिच्यावर दगडफेक झाली.

अमल बोलत नाही. तिला कुणी तारीख विचारू शकत नाही, भाऊ कसा गेला ते वदवून घेऊ शकत नाही. गावाला काय करायचं ते करावं लागतं: दार उघडायचं, नाहीतर दगड उचलायचा. सगळ्या वाटेवर साक्ष जर कुणाची झाली असेल तर ती गावांची झाली.

भाषेच्या वाटेने गेलेली काही मंडळी आहेत, त्यांचा उल्लेख थोडक्यात. वज्दी मुआवद लेबनॉनचा, लहानपणी युद्धामुळे फ्रान्सला, तिथून क्वेबेकला. त्याच्या ‘इन्सेन्दी’मधली जुळी भावंडं आईच्या मृत्यूनंतर तिच्या देशात तिचा भूतकाळ शोधत जातात, ‘तू दे झ्वाझो’ जर्मन, इंग्रजी, अरबी, हिब्रू अशा चार भाषांत चालतं. 2024 च्या वसंतात त्याचं एक जुनं नाटक बैरुतमध्ये, लेबनीज नटांसह, लेबनॉनच्या बोलीत व्हायचं होतं. इस्रायलशी संबंधांचा आरोप करून धमक्या आल्या आणि ते रद्द झालं. इराणच्या नसीम सुलेमानपूरची गोष्ट उलटी. सक्तीची लष्करी सेवा नाकारल्याने त्याला पासपोर्ट नव्हता. त्याने ‘व्हाइट रॅबिट रेड रॅबिट’ लिहिलं आणि नाटकाला एकट्याला जगभर पाठवून दिलं. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. दर प्रयोगाला नवा नट येतो, बंद पाकीट मंचावरच उघडतो आणि पहिल्यांदाच वाचतो. पहिल्या रांगेत एक खुर्ची लेखकासाठी रिकामी ठेवायची. बेलारूस फ्री थिएटरने तर 2011 पासून काही मंडळी लंडनला आणि बाकीची मिन्स्कला अशी तालीम स्काइपवर केली. 2021 मध्ये उरलेल्यांनाही देश सोडावा लागला. 2022 मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये ‘डॉग्ज ऑफ युरोप’ करताना त्यांचे नट जी भाषा बोलत होते, ती ऐकून समजणारे प्रेक्षक मागे मिन्स्कमध्ये राहिलेले. मंचावर आपली बोली आणि वर पट्टीवर परकी अक्षरं, हेच परागंदा नटाचं रोजचं नेपथ्य.

आपल्याकडे हद्दपारीचं रूप वेगळं. सरहद्द अनेकदा माणसाला ओलांडावी लागली नाही, तीच त्याला ओलांडून गेली. असगर वजाहत यांचं ‘जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ’ हबीब तन्वीर यांनी दिल्लीत उभं केलं. लखनौहून लाहोरला गेलेल्या मुस्लिम कुटुंबाला एक हवेली मिळते आणि तिच्यात एक हिंदू म्हातारी राहिलेली असते, मुलगा रतन दंगलीत गेला तरी घर न सोडणारी. या नाटकाचं बळ म्हणजे इथे दोन्ही बाजू बेघर आहेत. लखनौची माणसं पंजाबी लाहोरात परकी आणि म्हातारी स्वतःच्या घरात परकी. कुणाची कहाणी जास्त दुःखाची, ही तुलना नाटक करूच देत नाही. स्वयंपाकघरातून, शेजारपाजारातून नातं जुळतं, आणि म्हातारी गेल्यावर तिचे अंत्यसंस्कार तिच्या धर्माप्रमाणे व्हावेत म्हणणाऱ्या मौलवीचा जीव जातो.

देशातच राहून देशाबाहेर काढलेले म्हणजे भटके-विमुक्त. 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या यादीतून मुक्त केलं गेलं, पण पोलिसांच्या नजरेतून नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर हा विमुक्त जमातीतला तरुण कोठडीत मरण पावला. त्याच काळात महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांचं काम सुरू केलं, आणि अहमदाबादच्या छारानगरमधल्या छारा या विमुक्त जमातीच्या तरुणांनी ‘बुधन’ हे नाटक केलं. तिथून बुधन थिएटर उभं राहिलं. पुढे त्यांनी बारामती परिसरात त्याच साली पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या पिन्या हरी काळे या पारधी माणसावरही नाटक केलं. त्या नाटकात छारा पोरं पोलीस झाली. खाकी घालून, काठी उगारून, शिव्या घालत. ज्याचा मार आयुष्यभर खाल्ला त्याची देहबोली उचलायची, म्हणजे त्याला आतून ओळखायचं. जेनिनच्या ‘अ‍ॅलिस’इतकंच हे मला धाडसाचं वाटतं.

मराठी व्यावसायिक रंगभूमीला गाव सुटल्याचं दुःख चांगलं ठाऊक आहे. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे 1997 चं नाटक माझ्या दृष्टीने त्यातलं शिखर. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले, आणि धुरी कुटुंब आपल्याच चाळीच्या खोलीत बसल्या जागी उपरं झालं. कुणी बॅग भरली नाही, कुणी गाडीत बसलं नाही. गिरणीचा भोंगा थांबला आणि खोलीचा पत्ता तोच राहून शहर निघून गेलं. थोरला लेखक व्हायला निघालेला, एक पोरगा क्रिकेटमध्ये अडकलेला, एक टोळीत शिरलेला. आई सगळ्यांना एका छपराखाली बांधून ठेवायला धडपडते. इथे कुणीही प्रेक्षकाच्या दयेची याचना करत नाही, कारण पवार त्या प्रत्येकाला भरपूर दोष देतात.

पण दुसऱ्या देशातून, दुसऱ्या भाषेतून महाराष्ट्रात आलेल्यांकडे आपल्या मंचाने फारसं पाहिलं नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. मराठी नाटकांचे दौरे तेव्हापासून तिच्या शेजारून जात राहिले. ती वस्ती मराठी नाटकाच्या मधोमध कधी आली नाही. आणखी पूर्वेला गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात वसवली गेली. त्यांची आता तिसरी पिढी भातशेती करते आणि शरदात दुर्गापूजा करते.

आणि हाच तर झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आलं, शंकरपटाचे दिवस लागले की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. तंबूत रात्रभर मराठी नाटक चालतं, पहाटेपर्यंत लोक उठत नाहीत. या हंगामात बंगाली गावांतली, तिबेटी वसाहतीतली माणसंही त्या तंबूत तिकीट काढून बसत असणार. त्यांच्यातल्या कुणा पोराला एखाद्या मंडळीने संवाद पाठ करायला दिले आहेत का, आणि दिले असतील तर कोणत्या पात्राचे, हे कुणीतरी या हंगामात वडशाला जाऊन विचारून यायला हवं.